शब्द दिलेले, गरज स्वतःची

मराठीत दुवा देतात आणि घेतात. अडल्यानडल्याला मदत करावी, त्याचा दुवा घ्यावा, असे आपण म्हणतो. या व्यवहारात देणारा आणि घेणारा दोघेही माणसेच असतात. ज्या अरबी शब्दावरून हा शब्द आपल्याकडे आला, त्या 'दुआ'चा मूळ अर्थ मात्र हाक मारणे असा आहे. त्याच धातूपासून कोर्टातला 'दावा' आला आणि जेवणाची 'दावत'ही आली. हाक, हक्काची मागणी आणि आमंत्रण या तिन्ही छटा दुआ या शब्दात आहेत, आणि मराठीत येताना त्यांतली नेमकी हाक गळून पडली. इस्लाममधल्या वैयक्तिक प्रार्थनेविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते, त्यातही काहीसे असेच घडते. आपल्याला नमाज दिसते, तिच्या पाच वेळा, तिच्या रांगा दिसतात. एकट्या माणसाने हात पसरून हळू आवाजात केलेली दुआ सहसा दिसत नाही.

नमाजचे शब्द, हालचाली आणि वेळा ठरलेल्या असतात. दुआला असे बंधन नाही. ती नमाजच्या सजद्यात करता येते, नमाज संपल्यावर करता येते, आजाऱ्याच्या उशाशी, प्रवासात, दुकान उघडतानाही करता येते. नमाजबाहेरची दुआ आपापल्या भाषेत करायला धर्मशास्त्राची हरकत नाही. तरीही या मोकळ्या जागेत मुस्लिम समाजांनी चौदा शतके दुआंचे संग्रह जपले, पाठ केले, खिशात बाळगले. इथे वाङ्मयाच्या अभ्यासकाला एक प्रश्न पडतो. दुसऱ्याने रचलेले शब्द उच्चारणाऱ्याची प्रार्थना स्वतःची कशी होते? आणि सुंदर रचलेली प्रार्थना सच्ची असू शकते का?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. शब्द म्हणजे कर्मकांड, भाव म्हणजे खरा धर्म. म्हणून जितके शब्द कमी आणि ओबडधोबड, तितकी प्रार्थना सच्ची. संतवाङ्मयाच्या ढोबळ वाचनातून आलेली ही विभागणी आपण सूफी साहित्यालाही सर्रास लावतो. इस्लामी परंपरेतले काही महत्त्वाचे मजकूर बारकाईने वाचले तर ही विभागणी टिकत नाही, असे या लेखात मांडायचे आहे.

सुरुवात कुराणापासून करावी लागेल. कुराणात पैगंबरांच्या तोंडी आलेल्या दुआ लक्षणीयरीत्या आखूड आहेत. जकरिया म्हातारपणी अपत्य मागतात, तेव्हा त्यांच्या हाकेचे वर्णन 'गुप्त' असे केले आहे. हाक म्हटली की मोठा आवाज आला, पण ही हाक शेजारच्याला ऐकू जाणारी नाही. अय्यूब दीर्घ दुःखात आहेत. ते आपल्याला त्रास झाल्याचे सांगतात, ईश्वर सर्वांहून दयाळू असल्याचे सांगतात आणि थांबतात. काय हवे ते त्यांनी मागितलेलेच नाही. माशाच्या पोटातले यूनुसही सुटका मागत नाहीत, स्वतःची चूक कबूल करतात. परिस्थिती जशी आहे तशी मांडणे हीच इथे मागणी ठरते.

दुसऱ्या सूरेतल्या एका आयतीकडे भाष्यकारांनी मुद्दाम लक्ष वेधले आहे. कुराणात अनेक ठिकाणी 'लोक तुला अमुक विचारतात' असे आले की लगेच पैगंबरांना 'तू सांग' अशी आज्ञा येते. 'माझे दास माझ्याविषयी विचारतात' या ठिकाणी मात्र 'तू सांग' हे शब्द नाहीत. ईश्वर थेट स्वतःच आपण जवळ असल्याचे सांगतो. मधला निरोप्या त्या वाक्यापुरता बाजूला झालेला आहे. व्याकरणातली ही एक गाळलेली जागा दुआच्या साऱ्या विचाराचा पाया झाली.

हदीस साहित्यात हा विचार रोजच्या व्यवहारात उतरतो. अबू दाऊद यांच्या संग्रहात एका साध्या माणसाची गोष्ट आहे. नमाजमध्ये काय म्हणतोस, असे पैगंबरांनी त्याला विचारले. तो म्हणाला, मी स्वर्ग मागतो आणि नरकापासून बचाव मागतो. तुमची आणि मुआजची ती गुणगुण मला काही जमत नाही. मुआज हे पैगंबरांचे विद्वान सहकारी होते. त्यावर पैगंबर म्हणाले की, आमचीही गुणगुण त्याच्याच आजूबाजूची आहे. 'गुणगुण' हा शब्द त्या माणसाने थोड्या संकोचाने वापरला असावा. पैगंबरांनी तो तसाच स्वतःसाठी स्वीकारला. विद्वानाची लांबलचक दुआ आणि अडाण्याचे दोन वाक्यांचे मागणे यांत दर्जाचा फरक राहिला नाही, आणि विद्वानाची दुआ खोटीही ठरली नाही.

याच साहित्यात इस्तिखारा या दुआचा उल्लेख येतो. एखादा निर्णय घ्यायचा असेल तेव्हा दोन रकात नमाज पढून ही दुआ करायची. जाबिर या सहकाऱ्याच्या सांगण्यानुसार पैगंबर ती कुराणातल्या सूरेइतक्या काळजीने शिकवत. म्हणजे शब्द पक्के, क्रम पक्का. पण या पक्क्या मजकुराच्या मधोमध एक रिकामी जागा आहे. तिथे माणसाने आपले काम स्वतः नाव घेऊन सांगायचे: हे लग्न, हा प्रवास, हा सौदा. आधीचे शब्द ईश्वराच्या ज्ञानाची आणि आपल्या अज्ञानाची कबुली देतात, नंतरचे शब्द जे भले असेल ते मिळो आणि त्यात मन रमो असे मागतात. मधली जागा ज्याची त्याने भरायची. दिलेले शब्द आणि स्वतःची गरज यांचा संबंध कसा असावा, याचा इतका नेमका नमुना मला दुसरीकडे आढळलेला नाही.

या विषयाची शिस्तशीर मांडणी अबू हामिद अल-गजाली यांनी केली. त्यांचा जन्म 1058चा, तूसचा. मृत्यू 1111मध्ये, तिथेच. 'इह्या उलूम अद्-दीन' या त्यांच्या चाळीस प्रकरणांच्या ग्रंथातले नववे प्रकरण जिक्र आणि दुआ यांवर आहे. त्याकडे जाण्यापूर्वी गजालींच्या आयुष्यातली एक घटना लक्षात घेतली पाहिजे. ती त्यांनीच आपल्या आत्मकथनात नोंदवली आहे. 1095 साली ते बगदादच्या निजामिया मदरशाचे कीर्तिमान अध्यापक होते. आपले शिकवणे ईश्वरासाठी नसून नावलौकिकासाठी आहे, या जाणिवेने त्यांना ग्रासले. राहावे की सोडून जावे या ओढाताणीत महिने गेले आणि एके दिवशी त्यांची जीभच चालेना. वर्गात बसले तर शब्द फुटेना, अन्न गिळवेना. वैद्यांनी हात टेकले. तेव्हा आपण कुठलाच उपाय न उरलेल्या अगतिक माणसासारखे ईश्वराकडे वळलो, असे ते लिहितात. अगतिकासाठी त्यांनी योजलेला 'मुज्तर' हा शब्द कुराणातला आहे. अगतिक माणूस हाक मारतो तेव्हा त्याला उत्तर कोण देतो, असा प्रश्न तिथे विचारलेला आहे.

शब्दांवर हुकमत असलेल्या माणसाची वाचा गेली, आणि त्यानंतर त्याने दुआचे नियम लिहिले. हे ध्यानात ठेवून 'इह्या'तले दहा शिष्टाचार वाचले तर ते कोरडे वाटत नाहीत. चांगली वेळ साधावी, चांगली अवस्था साधावी, किब्ल्याकडे तोंड करून हात उचलावेत, आवाज फार मोठा वा अगदी दबका नसावा, यमकजुळणीचा खटाटोप करू नये, नम्रता आणि भीती असावी, उत्तर मिळेल याची खात्री बाळगावी, चिकाटीने पुन्हा पुन्हा मागावे, सुरुवात ईश्वराच्या स्मरणाने करावी. हे नऊ झाले. यांतले काही बाहेरचे, काही आतले. पण सगळे प्रार्थनेच्या क्षणापुरते आहेत.

दहाव्याला गजाली खास आंतरिक शिष्टाचार म्हणतात आणि उत्तर मिळण्याचे मूळ त्यातच असल्याचे सांगतात. तो म्हणजे पश्चात्ताप करणे आणि ज्याचे जे आपण हिरावून घेतले असेल ते त्याला परत करणे. सच्चेपणाची कसोटी इथे प्रार्थनेच्या बाहेर, शेजाऱ्याच्या अंगणात जाते. डोळ्यांत पाणी आले का, हा प्रश्न मागे पडतो आणि हिशेब चुकता केला का, हा प्रश्न पुढे येतो. यासाठी गजाली एक गोष्ट देतात. मूसांच्या काळात दुष्काळ पडला. मूसा लोकांना घेऊन पावसाची दुआ मागायला बाहेर पडले, पण पाऊस येईना. तुमच्यात एक चहाडखोर आहे, म्हणून उत्तर येत नाही, असे ईश्वराने कळवले. तो कोण ते सांग, त्याला बाहेर काढतो, असे मूसा म्हणाले. तेव्हा उत्तर आले की, मी तुम्हाला चहाडी करू नका असे सांगतो आणि स्वतःच चहाडी करू? अखेर सगळ्यांनीच पश्चात्ताप केला आणि पाऊस आला. दोषी एकच होता, पण तो कोण हे कुणालाच कळले नाही. म्हणून प्रत्येकाला स्वतःला तपासावे लागले.

आता पाचव्या नियमाकडे पुन्हा येऊ. यमक जुळवलेल्या गद्याला अरबीत सजअ म्हणतात. दीन माणसाला जुळवाजुळव शोभत नाही, असे गजालींचे म्हणणे. हा नियम शब्दशः घेतला तर फारसी भाषेतले सर्वांत नावाजलेले प्रार्थनावाङ्मय बाद होते. हिरातचे ख्वाजा अब्दुल्ला अन्सारी (1006–1089) यांच्या 'मुनाजात' सबंध सजअमध्ये आहेत. मुनाजात म्हणजे कानगोष्ट, दोघांतले गुज. 'इलाही' अशी हाक, मागून आखूड वाक्यांचे दोन-तीन तुकडे, प्रत्येकाच्या शेवटी यमक. अन्सारी आणि गजाली खुरासानचेच, आणि गजाली तिशीत पोहोचेपर्यंत अन्सारी हयात होते. मग नियम चुकला की अन्सारी?

अन्सारींच्या बाबतीत पाठाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. 'मुनाजात' नावाने आज जे छापले जाते, त्यातले बरेच काही नंतरच्या हातांनी भर घातलेले आहे. जुना थर दोन ठिकाणी सापडतो: अन्सारींनी हिरातच्या बोलीत सांगितलेल्या आणि शिष्यांनी उतरवून घेतलेल्या 'तबकात अस्-सूफिया'मध्ये, आणि मैबुदी यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या 'कश्फ अल-असरार' या कुराणभाष्यात. तिथे या प्रार्थना सुट्या येत नाहीत. एखाद्या संताची हकिकत चालू असते, एखाद्या आयतीचा अर्थ सांगणे चालू असते. त्या ओघात बोलणारा अचानक श्रोत्यांकडचे तोंड वळवतो आणि 'इलाही' म्हणतो. तिसऱ्या पुरुषातला ईश्वर एका शब्दासरशी दुसऱ्या पुरुषात येतो. 'तो' म्हणता म्हणता 'तू' येणे, हे त्या प्रार्थनेचे खरे बळ आहे. दुआचा मूळ अर्थ हाक आहे हे इथे पुन्हा जाणवते.

यमकाचे कामही तिथे वेगळे आहे. पहिल्या तुकड्यात बोलणारा काहीतरी जमा करतो: ज्ञान, भक्ती, निदान पश्चात्ताप. दुसऱ्या तुकड्यात यमकाच्या धक्क्याने ते त्याच्या हातून निसटते. यमक सजावट करत नाही, हिशेब करते. जुळवाजुळव होते ती श्रोत्याला खूश करण्यासाठी; इथे बोलणाऱ्याचेच भांडवल संपत जाते. उत्तरकालीन भर नेमकी इथे उघडी पडते. तिच्यात यमके जास्त घट्ट आहेत, विरोधाभास जास्त चमकदार आहेत, पण निसटण्यासारखे हातात काही नसते. संग्रहकर्त्यांनी या प्रार्थना प्रवचनातून उपटून ओळीने मांडल्या, पुढच्या शतकांत त्या सुलेखनाचे आवडते मजकूर झाल्या, आणि तोंड वळवण्याचा तो क्षण हरवला. पुस्तकात सलग वाचताना अन्सारी कधी कधी कंटाळवाणे वाटतात, त्याचे कारण हे आहे.

त्यामुळे गजाली आणि अन्सारी यांत खरा विरोध नाही. परंपरेने आलेल्या दुआंतही समतोल शब्दरचना आढळते, ती ओढूनताणून केलेली नसल्याने दोषास्पद नाही, असे गजाली स्वतःच नोंदवतात. आक्षेप खटाटोपाला आहे, नादाला नाही. ज्याला मागण्याची रीत येत नाही त्याने परंपरेतलेच शब्द वापरावेत, हा त्यांचा सल्लाही याच कारणाने येतो. स्वतःचे शब्द जुळवण्याच्या नादात माणूस स्वतःकडेच पाहू लागतो. उसने शब्द त्याला त्या मोहातून सोडवतात.

या उसन्या शब्दांचा सर्वांत समृद्ध साठा शिया परंपरेतल्या 'सहीफा सज्जादिया'त आहे. करबलाच्या 680 सालच्या रणातून वाचलेले इमाम हुसेन यांचे पुत्र अली जैनुल आबिदीन यांच्या नावावर या 54 दुआ आहेत. बाप, भाऊ, नातलग डोळ्यांदेखत गेलेला हा माणूस पुढे मदिनेत राजकारणापासून दूर राहिला. त्याच्या प्रार्थनांचे विषय पाहावेत: आईवडील, मुले, शेजारी, आजारपण, कर्जफेड, नवा चंद्र, रमजानला निरोप. कर्जाच्या दुआत कर्जाने येणारी मानहानी, उडालेली झोप, गुंतलेले डोके यांचा तपशील आहे. आजारपणाच्या दुआत प्रश्न आहे की, आरोग्य आणि आजार यांतल्या कोणत्या अवस्थेबद्दल जास्त आभार मानावेत.

यातली अडतिसावी दुआ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती माणसांच्या हक्कांत झालेल्या कसुरीची माफी मागणारी आहे. तिच्यात 'मी पापी आहे' असा मोघम कबुलीजबाब नाही, यादी आहे. माझ्यासमोर कुणावर अन्याय झाला आणि मी धावलो नाही. कुणी उपकार केले आणि मी आभार मानले नाहीत. कुणी क्षमा मागितली आणि मी दिली नाही. कुणी गरजवंत आला आणि मी स्वतःला आधी पाहिले. ज्याने करबला पाहिले, ज्याच्या घरावरच्या अन्यायाला जगाने धाव घेतली नाही, त्याच्या नावावरची प्रार्थना स्वतः न धावल्याची माफी मागते. गजालींचा दहावा नियम इथे त्यांच्या आधीच दुआच्या रूपात उभा आहे. आणि ही यादी जो कुणी वाचेल, त्याच्या मनात प्रत्येक कलमाशेजारी एखादा चेहरा येतोच. इस्तिखाऱ्यात एक रिकामी जागा होती. इथे प्रत्येक वाक्यात एक आहे.

राहिला तो मेंढपाळ. 'मसनवी'च्या दुसऱ्या खंडातली जलालुद्दीन रूमी (1207–1273) यांची ही गोष्ट आपल्याकडे 'भोळा भाव श्रेष्ठ' या सूत्राचा पुरावा म्हणून सांगितली जाते. मेंढपाळ देवाचे केस विंचरू पाहतो, त्याला दूध पाजू पाहतो. मूसा त्याला झापतात. ईश्वर मूसांना, तू जोडायला आलास की तोडायला, असे विचारतो. आपण बहुधा इथेच थांबतो. रूमी थांबत नाहीत. मूसा रानात मेंढपाळाला गाठून, तुझ्या मनाला येईल तसे बोल, अशी मुभा देतात, तेव्हा तो सांगतो की मी आता त्याच्या पलीकडे गेलो आहे. भोळे शब्द त्यालाही पुरलेले नाहीत. त्यानंतर रूमी वाचकाला बजावतात की, तू करत असलेली ईश्वराची स्तुतीही त्या मेंढपाळाइतकीच अपुरी समज. विद्वानाचे शुद्ध शब्द आणि मेंढपाळाचे ओबडधोबड शब्द दोन्ही एकाच पातळीवर अपुरे ठरतात. म्हणजे गोष्टीने ओबडधोबडपणाला प्रमाणपत्र दिलेले नाही.

तिसऱ्या खंडात या गोष्टीला पूरक अशी दुसरी गोष्ट आहे. एक माणूस रात्री 'अल्लाह' म्हणत जागतो. सैतान त्याला विचारतो, इतक्या हाका मारल्यास, एक तरी 'ओ' आली का? माणूस खचून गप्प होतो. स्वप्नात खिज्र येऊन त्याला ईश्वराचा निरोप सांगतात: तुझे 'अल्लाह' म्हणणे हीच माझी ओ. सच्चेपणाची चिंता करणाऱ्या प्रत्येकाला सैतानाचा तो प्रश्न ओळखीचा असतो. मन लागत नाही, शब्द कोरडे वाटतात, मग थांबावे, असे वाटते. भाव नसताना हाक मारणे हे ढोंग आहे, ही समजूतच इथे सैतानाच्या बाजूने काम करते.

कॉन्स्टन्स पॅडविक या इंग्रज मिशनरी बाईंनी मुस्लिम देशांत राहून रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या स्वस्त दुआपुस्तिका गोळा केल्या आणि 1961 साली त्यांच्यावर 'मुस्लिम डिव्होशन्स' हे पुस्तक प्रसिद्ध केले. थोरांच्या ग्रंथांइतकेच गांभीर्य त्यांनी या पुस्तिकांना दिले. तशा पुस्तिका आपल्याकडे दर्ग्यांच्या आणि मशिदींच्या बाहेरही मिळतात. त्या वाचणाऱ्याला अरबीचा अर्थ कळत नाही, म्हणून त्याची प्रार्थना यांत्रिक, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. अर्थ समजून घेणे चांगलेच. नमाजमधल्या आंतरिक गोष्टींत मनाच्या हजेरीनंतर गजाली अर्थाच्या आकलनाचाच उल्लेख करतात. पण तो निष्कर्ष काढण्याआधी इस्तिखाऱ्याची आठवण ठेवावी. कोकणातल्या किंवा सोलापूरकडच्या एखाद्या घरात रात्री कुणीतरी त्या पुस्तिकेतले अरबी शब्द बोट ठेवून वाचत असते. वाचता वाचता ती जागा येते, जिथे आपले काम नाव घेऊन सांगायचे असते. तिथे पुस्तक गप्प होते, आणि मुलीच्या लग्नाची किंवा विकायच्या जमिनीची गोष्ट मराठीत किंवा दखनीत मनातल्या मनात सांगितली जाते. मग बोट पुढच्या अरबी ओळीवर सरकते.